पाळीतल्या कळा: गोळी कधी घ्यायची, शेक कसा घ्यायचा

पाळीत पोट दुखायला लागलं की घरोघरी एकच क्रम ठरलेला असतो. आधी सोसायचं. मग आडवं व्हायचं. मग कुणीतरी ओव्याचं पाणी आणून देतं. त्यानेही भागलं नाही, दोन उलट्या झाल्या, की मग गोळी शोधायची. तोवर चार-पाच तास गेलेले असतात, गोळीचा म्हणावा तसा गुण येत नाही आणि “मला गोळ्या लागूच पडत नाहीत” असं पक्कं होऊन बसतं. यात बऱ्याचदा चूक गोळीची नसते, वेळेची असते.

त्याचं कारण कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. पाळी येण्याआधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागतं. सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, धुणं पिळावं तसा. आवळला की त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा तेवढ्यापुरता तुटतो, आणि रक्त न मिळालेला स्नायू दुखतो. हीच ती कळ. हीच रसायनं थोडी आतड्यापर्यंतही पोचतात, म्हणून पहिल्या दिवशी मळमळ होते, उलटी होते, दोन-तीनदा पातळ शौचाला होतं. कंबर आणि मांड्या भरून येतात त्या वेगळ्या दुखण्याने नव्हे. गर्भाशयाच्या आणि त्या भागांच्या वेदना मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून.

साध्या दुखण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. रक्त दिसायच्या काही तास आधी किंवा त्याच सुमाराला सुरू होतं, पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त असतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. मुलींना पाळी सुरू झाल्याबरोबर ते होत नाही. बहुतेकींना सहा महिने ते दोन वर्षांनी, अंडं नियमित सुटायला लागलं की सुरू होतं. त्यामुळे “आधी तर दुखत नव्हतं, आता कसं दुखतं?” असं म्हणणारी आठवी-नववीतली मुलगी नाटक करत नसते.

गोळी

मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, नेप्रॉक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवतात. आधीच तयार झालेल्यांचं मात्र त्यांना काही करता येत नाही. म्हणून पहिला डाग दिसला, किंवा पोटात ती ओळखीची जडशी भावना आली, की तेव्हाच पहिली गोळी घ्यायची. पाळी घड्याळासारखी नियमित असेल आणि दुखणं दर वेळी जबर असेल, तर आदल्या दिवशीपासून सुरू करायला डॉक्टर सांगतात. आणि एकदा सुरू केली की “आता बरं वाटतंय” म्हणून मध्येच सोडायची नाही. पहिले दोन दिवस, फार तर तीन, वेळेवर घ्यायची. एक गोळी घेऊन परत कळ येईपर्यंत थांबलं तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते.

मोठ्या मुली आणि बायकांसाठी नेहमीचे डोस असे. मेफेनॅमिक ॲसिड 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. किंवा आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी. डॉक्टरांना न विचारता दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या वर नाही. दोन्हींपैकी एकच. या जातीच्या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र नक्की वाढतो. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, ॲसिक्लोफेनॅक याही त्याच जातीच्या आहेत, हे लक्षात असू द्या. दहा-अकरा वर्षांच्या, किंवा वजनाने लहान मुलीचा डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आता ज्या गोळीचं नाव जवळजवळ प्रत्येक मुलीला पाठ असतं तिच्याकडे जरा नीट बघू. मेफ्टाल-स्पासची पट्टी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. एका गोळीत मेफेनॅमिक ॲसिड 250 मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन (आवळलेला स्नायू सैल करणारं औषध) 10 मिलिग्रॅम असतं. म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड वर सांगितलेल्या डोसच्या निम्मंच. कळ मोठी असेल तर एका गोळीने भागत नाही ते यामुळे. म्हणून स्वतःच दोन घ्यायच्या का? नको, कारण त्यासोबत डायसायक्लोमिनही दुप्पट होतं आणि मग तोंड कोरडं पडतं, डोळ्यांपुढे अंधुक होतं, गरगरतं, बद्धकोष्ठ होतं. नुसत्या मेफेनॅमिक ॲसिडची 500 ची गोळी वेगळी मिळते. ती चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मेफ्टाल या एकाच नावाखाली वेगवेगळ्या मिश्रणाच्या गोळ्या येतात, तेव्हा दुकानात “मेफ्टाल द्या” एवढंच म्हणू नका. पट्टीवर लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते म्हणूनच. एकदा डॉक्टरांना भेटून आपला डोस ठरवून घेतला की पुढे दर महिन्याला अंदाजपंचे करावं लागत नाही. जनऔषधी केंद्रातही हीच औषधं मूळ नावाने, स्वस्तात मिळतात.

रिकाम्या पोटी घेऊ नका. अर्धी पोळी, दोन बिस्किटं, वाटीभर पोहे, कपभर दूध, काहीही चालेल. मळमळीमुळे काहीच जात नसेल तर आधी दोन-चार घोट पेज घ्या. सकाळी सातला डाग दिसला असं धरू. सव्वासातला थोडं खाऊन साडेसातला पहिली गोळी, दुपारी साडेतीनला दुसरी, रात्री झोपताना दूध पिऊन तिसरी. दुसऱ्या दिवशीही हेच. गोळीचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. त्या तासाभरासाठी शेक आहे. घेतल्याबरोबर गोळी उलटून पडत असेल तर ती उशिरा घेतली गेली असं समजा आणि पुढच्या महिन्यात दोन तास आधी घ्या. तरीही दर वेळी उलटीच होत असेल तर डॉक्टर गुदद्वारातून ठेवायची गोळी देऊ शकतात.

कुणी घेऊ नये? पोटात अल्सर आहे किंवा होता, मूत्रपिंडाचा विकार आहे, रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, अशा गोळीने पूर्वी दमा उसळला होता किंवा अंगावर गांधी आल्या होत्या, किंवा दिवस गेल्याची थोडीही शक्यता आहे, अशांनी नाही. पावसाळ्यात पाळीबरोबर ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्यांना हात लावू नका, रक्तस्राव वाढू शकतो. या सगळ्यांसाठी पॅरासिटामॉल आहे: 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. कळांवर ते तितकं जोरकस नाही, पण शेकासोबत बरंच काम भागवतं. यकृताचा आजार असेल तर तेही विचारून.

आणखी एक. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित एक गंभीर ॲलर्जी होऊ शकते, आणि 2023 च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने तसा इशाराही दिला. गोळी सुरू केल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत अंगभर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज, गळ्यात किंवा काखेत गाठी आल्या तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा आणि कुठली गोळी घेत होतो ते सांगायचं. घाबरून औषध टाकून देण्यासाठी हे सांगत नाही. पुरळ आणि गोळी यांचा संबंध वेळेवर जोडता यावा म्हणून सांगतो आहोत.

शेक

शेकाला घरगुती उपाय म्हणून कमी लेखू नका. ओटीपोटाला साधारण 40 अंशांची सलग ऊब दिली तर ती आयब्युप्रोफेनच्या तोडीस तोड काम करते, असं अभ्यासांत दिसलं आहे. ऊब लागली की स्नायू सैल पडतो आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. पण ती सलग हवी. पाच मिनिटं चटका देऊन ठेवून दिलेल्या पिशवीचा उपयोग नाही.

रबरी पिशवी भरताना बहुतेक अपघात होतात, म्हणून हे जरा हळू वाचा. पाणी उकळलं की गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा, किंवा चार भांडी गरम पाण्यात एक भांडं साधं पाणी घाला. खळखळतं पाणी सरळ ओतलं की रबर कडक होऊन चिरा पडतात आणि एक दिवस पिशवी पोटावर असतानाच फुटते. पिशवी ओट्यावर उभी धरून दोन तृतीयांश भरा. मग ती हळूहळू आडवी करत तोंडाशी पाणी दिसेपर्यंत आतली हवा दाबून काढा. हवा राहिली तर पिशवी फुग्यासारखी टणक होते आणि पोटाला धड टेकत नाही. बुचातला रबरी वायसर जागेवर आहे का बघा, बूच घट्ट फिरवा, पिशवी उलटी करून बेसिनवर झटका. थेंबही गळला तर वापरू नका. वरून खोळ, नाहीतर जुना पंचा दोन पदरी. उघड्या कातडीवर कधीच नाही.

वीस मिनिटं ओटीपोटावर, म्हणजे बेंबीच्या खाली, मग वीस मिनिटं कमरेखाली. पिशवी गार झाली की पुन्हा भरा. पिशवी अंगावर घेऊन झोपी जाऊ नका. झोपेत चटका कळत नाही. पोटाच्या कातडीवर तपकिरी जाळीसारखे डाग उमटले असतील तर शेक फार गरम होतो आहे, पाण्याची ऊब कमी करा. रबराला चिरा दिसल्या, किंवा पिशवी दोन-तीन वर्षांची झाली, की बदला.

विजेच्या पिशवीत आतलं द्रव प्लग लावून तापवतात. दिवा विझला की आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच पिशवी अंगाला. प्लग लावलेली पिशवी पोटावर घेणं जिवावर बेतू शकतं. दोन्ही नसतील तर मूठ-दोन मुठी जाडं मीठ किंवा तांदूळ कोरड्या तव्यावर मंद आचेवर गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसवते का बघा, मग पोटाला. ती दहा मिनिटांत निवते, म्हणून दोन केल्या तर एक तव्यावर आणि एक पोटावर चालू राहते. कॉलेजला, ऑफिसला जायचं असेल तर औषधाच्या दुकानात चिकटवायच्या उष्ण पट्ट्या मिळतात. आतल्या कपड्याच्या बाहेरून लावायच्या, कातडीला नाही.

अंग हलवणं

कळ जोरात असताना कुणी “जरा चाल, बरं वाटेल” म्हटलं की राग येतो, आणि तो रास्त आहे. तेव्हा चालायचं नाही. तेव्हा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, दोन मांड्यांमध्ये उशी. किंवा बालासन: वज्रासनात बसायचं, गुडघे थोडे फाकवायचे, मांड्यांवर उशी आडवी ठेवून तिच्यावर पोट आणि छाती टेकवायची, कपाळ जमिनीवर किंवा हातांवर. श्वास आत घेताना चार आकडे, सोडताना सहा. दोन-तीन मिनिटं. उशी नसेल तर ओटीपोट लटकतं राहतं आणि कंबर जास्तच ओढते, म्हणून ती वगळू नका. गोळीचा गुण आला की मार्जारासन: हात-गुडघ्यांवर येऊन पाठ एकदा वर कमान, एकदा खाली, सावकाश आठ-दहा वेळा. मग हवं तर घरातल्या घरात फेऱ्या.

मोठा फरक मात्र पाळी नसतानाच्या व्यायामाने पडतो. आठवड्यातून तीन दिवस, 45 ते 60 मिनिटं, भरभर चालणं, सूर्यनमस्कार, सायकल, जे जमेल ते. दोन-तीन महिने सलग केल्यावर कळा कमी झालेल्या जाणवतात. पहिल्याच महिन्यात फरक शोधू नका.

कंबर चोळून घेण्यानेही बरं वाटतं. कोमट तिळाचं तेल घेऊन, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळव्याने गोल गोल, पाच-दहा मिनिटं. दाब अंगठ्याने नव्हे, तळव्याने द्यायला सांगा.

खाणंपिणं

यात सांगण्यासारखं थोडंच आहे. सुंठीचा कळांवर उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. त्यांत पहिल्या तीन-चार दिवसांत दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठ वापरली गेली. म्हणजे पाव चमचा सुंठपूड, गुळासोबत किंवा कोमट दुधातून, दिवसातून दोन-तीनदा. चहात टाकलेल्या आल्याच्या तुकड्यात तेवढा जोर नसतो. पित्त उसळत असेल किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर नको. ओव्याच्या किंवा बडीशेपेच्या पाण्याने गॅस सुटतो, पोट हलकं होतं. तेवढ्यासाठी ते चांगलं. गोळीच्या जागी ते बसवू नका.

पाणी प्या. शाळेत स्वच्छ संडास नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग बद्धकोष्ठ होऊन पोट आणखी दुखतं. शिवाय या गोळ्या घेताना पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडाला ताण पडतो. ताक, दही, लोणचं, चिंच खाल्ल्याने कळा वाढतात, केसांवरून आंघोळ केली की रक्त अडतं, यात तथ्य नाही. खरं तर कमरेवर सोसवेल इतकं गरम पाणी ओतत दहा मिनिटं केलेली आंघोळ हा पहिल्या दिवशीचा उत्तम शेक आहे.

हे दुखणं साधं नाही असं कधी समजायचं

गोळी वेळेवर, पूर्ण डोसमध्ये, शेकासह घेतली, असं सलग तीन पाळ्या करून पाहिलं, आणि तरीही शाळा किंवा काम बुडतं आहे, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. पंचविशीनंतर नव्याने सुरू झालेलं किंवा वर्षागणिक वाढत चाललेलं दुखणं, पाळी येण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून आणि संपल्यावरही राहणारं दुखणं, संबंधाच्या वेळी किंवा पाळीत शौचाला बसताना आत खोल कळ जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, यामागे एंडोमेट्रिओसिस, अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) किंवा ओटीपोटातला जंतुसंसर्ग असू शकतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर, बीजकोशांवर आणि आतड्यांवर वाढते. जननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं होत नाही. लहान ठिपके सोनोग्राफीत दिसतच नाहीत. तेव्हा “रिपोर्ट चांगला आहे, काही झालेलं नाही” यावर दुखणं सोसत बसू नका. साधी तांबी (कॉपर-टी) बसवल्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने कळा आणि रक्तस्राव वाढतो, तेही डॉक्टरांना सांगा.

त्याच दिवशी दवाखान्यात जायचं ते अशा वेळी: पाळी चुकली किंवा उशिरा आली आणि एका बाजूला अचानक जीवघेणी कळ, सोबत चक्कर किंवा खांद्यात दुखणं; ताप आणि घाण वासाचा स्राव; किंवा तासाला एक पॅड भिजणं, असं सलग दोन-तीन तास. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या ज्या मुलीला अजून पाळी आलेलीच नाही पण दर महिन्याला तीन-चार दिवस पोट दुखतं, तिला जरूर दाखवा. रक्त बाहेर पडायची वाटच बंद असू शकते, आणि छोट्या शस्त्रक्रियेने ती मोकळी होते.

जाताना तीन पाळ्यांची नोंद घेऊन जा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खूण केली तरी चालेल: दुखणं किती वाजता सुरू झालं, रक्त किती वाजता, गोळी कुठली आणि कधी, दोन तासांनी दुखणं दहापैकी किती उरलं, किती पॅड लागले, शाळा किंवा काम बुडलं का. “खूप दुखतं” या दोन शब्दांवरून डॉक्टरांना फार काही ठरवता येत नाही; या चार ओळींवरून येतं.

गोळ्या-शेक पुरत नसतील तर पुढचा उपाय हार्मोनचा. गर्भनिरोधक गोळ्यांनी अस्तर पातळ राहतं, प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतात, कळा उतरतात. लग्नाआधी घेतल्या तर पुढे मूल होत नाही ही भीती निराधार आहे. गोळ्या थांबवल्या की अंडं पुन्हा सुटायला लागतं. मात्र डोळ्यांपुढे चमका येऊन सुरू होणारी अर्धशिशी, पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात झालेली रक्ताची गुठळी, वाढलेला रक्तदाब, पस्तिशीनंतरचं धूम्रपान, यांपैकी काही असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून हे आधी सांगायचं. हार्मोन सोडणारी तांबी हाही चांगला पर्याय आहे, विशेषतः रक्तस्रावही जास्त असेल तर. सणावाराला, गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या वेगळ्या. त्या कळांवरचा उपचार नाहीत आणि मैत्रिणीच्या पट्टीतून घ्यायच्या तर मुळीच नाहीत.

आणि कुणी पहिल्याच भेटीत “गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटेल” म्हणालं तर तिथे होकार देऊन येऊ नका. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि हे 2019 मध्ये राज्यभर गाजलं. त्यांतल्या अनेकींनी डॉक्टर गाठला होता तो पोटदुखी, अंगावरून जाणं, जास्त रक्तस्राव अशा तक्रारींसाठी. पाळीतल्या साध्या कळांसाठी गर्भपिशवी काढायची नसते. कागद मागून घ्या, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि आपली तीन पाळ्यांची नोंद सोबत घ्या, आणि सरकारी रुग्णालयात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दाखवून विचारा: गोळ्या किती डोसने देऊन पाहिल्या, हार्मोन का नको, आणि काढलीच तर बीजकोश ठेवणार की तेही काढणार.